अपॉइंटमेंट लेटरमधला लवाद आणि उसाच्या फडातला लवाद: नोकरीचा वाद कोर्टाबाहेर मिटवताना कामगाराच्या हातात काय उरतं?

नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर हातात आलं की नजर आधी पगाराच्या आकड्यावर जाते. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात एक कलम असतं: कंपनी आणि कर्मचारी यांच्यात वाद झाल्यास तो लवादाकडे सोपवला जाईल, लवाद कंपनी नेमेल, सुनावणी अमुक शहरात होईल. सही होते. हे कलम आठवतं ते नोकरी गेल्यावर.

कोल्हापूर जिल्ह्यात मात्र 'लवाद' हा शब्द बारीक अक्षरातून कळलेला नाही. ऊसतोड मजुरांना टनामागे किती पैसे मिळणार, हे इथे वर्षानुवर्षं लवाद ठरवतो. तो बसला की बातमी होते आणि फडातल्या मजुरालाही तो शब्द माहीत असतो.

शब्द एकच असला तरी या दोन गोष्टी एकमेकींपासून फार लांब आहेत. तिसरी गोष्ट याहून वेगळी आहे. ती म्हणजे सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चालणारी समेटाची बैठक. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या कामगाराचा संबंध सर्वात आधी तिच्याशीच येतो.

या तिन्हींची चर्चा आत्ताच करायची कारणं दोन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेने वाद मिटवण्याचा रस्ता बदलला. त्याआधी, १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. म्हणजे वाद कोर्टाबाहेर मिटवायचा की कोर्टात न्यायचा, हे गणितच इथल्या कामगारासाठी नव्याने मांडावं लागणार आहे.

समेट आणि लवाद यात फरक काय?

फरक एका प्रश्नात कळतो: शेवटचा शब्द कुणाचा?

समेटात किंवा मध्यस्थीत तिसरा माणूस दोन्ही बाजूंना बोलतं करतो, पर्याय सुचवतो, कधी दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून समजूत काढतो. निर्णय मात्र दोन्ही बाजूंचाच असतो. पटलं नाही तर उठून जाता येतं. कामगार खात्याचा समेट अधिकारी दोन्ही बाजूंना हजर राहायला सांगू शकतो, कागदपत्रं मागू शकतो. पण 'याला कामावर घ्या' असा हुकूम तो देऊ शकत नाही. अनेक कामगारांचा गोंधळ इथेच होतो. 'साहेबांनी निकाल दिला नाही' अशी तक्रार ऐकू येते, पण निकाल देण्याचा अधिकारच त्या साहेबांना नसतो.

लवादात उलट आहे. दोन्ही बाजू आधीच मान्य करतात की हा माणूस सांगेल ते बंधनकारक. मग तो निवाडा देतो. म्हणून लवादाच्या बाबतीत 'निवाडा काय झाला' याच्याही आधी 'लवाद कुणी निवडला' हे विचारायला हवं.

अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा १९१८ चा लढा या प्रश्नाचं जुनं उदाहरण आहे. मालक २० टक्के वाढ द्यायला तयार होते, कामगारांना ३५ टक्के हवी होती. गांधीजींच्या उपोषणानंतर तोडगा निघाला तोही मजेशीर होता: पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २० टक्के, त्यानंतर निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. म्हणजे एक दिवस कामगारांच्या शब्दाला मान, एक दिवस मालकांच्या. पुढे प्रा. आनंदशंकर ध्रुव यांना लवाद नेमलं गेलं आणि त्यांनी ३५ टक्क्यांचा निवाडा दिला. ध्रुव दोन्ही बाजूंना मान्य होते आणि कामगार हात जोडून नव्हे, संप करून टेबलापर्यंत आले होते. या दोन गोष्टी नसत्या तर तो लवाद इतका टिकला असता का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

ऊसतोड मजुरांचा लवाद कसा चालतो?

कोल्हापूरच्या साखर कारखान्यांचा ऊस तोडायला बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून दरवर्षी मोठ्या संख्येने मजूर येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामाआधी मुकादम त्यांना 'उचल' देतो आणि हंगामभराच्या तोडणीतून ती फिटते. कारखान्याचा करार बहुतेक वेळा वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा मजुराशी. या साखळीत मजूर कुणाचा कामगार, हा प्रश्न विचारला की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो.

मालक कोण हेच ठरत नसल्यावर वाटाघाटी कुणाशी करायच्या? त्यातून लवादाची पद्धत रुजली. मजुरांच्या बाजूने एक नेता, कारखान्यांच्या बाजूने राज्य सहकारी साखर कारखाना संघाचा प्रतिनिधी. मजुरांची बाजू आधी गोपीनाथ मुंडे मांडत, २०१४ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती जागा पंकजा मुंडे यांच्याकडे आली. समोर कधी जयंत पाटील, अलीकडे जयप्रकाश दांडेगावकर. २०१५ मध्ये २० टक्के वाढ ठरली. २७ ऑक्टोबर २०२० रोजी पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये झालेल्या बैठकीत १४ टक्के. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के आणि मुकादमांच्या कमिशनमध्ये एक टक्क्याची भर. तोडणीचा दर टनामागे पावणेतीनशे रुपयांच्या आसपास होता, तो साडेतीनशेच्या पुढे गेला.

शेवटच्या दोन्ही वेळी बैठकीत शरद पवार होते. कामगार कायद्यात लवाद सम संख्येने असतील तर मतभेद झाल्यास निर्णयासाठी पंच नेमावा लागतो. या लवादात ती खुर्ची कागदावर नाही, पण ती कुणाची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

या पद्धतीचं श्रेय नाकारता येणार नाही. विखुरलेल्या, युनियन करणं जवळपास अशक्य असलेल्या मजुरांसाठी राज्यभर एक दर ठरतो. प्रत्येक कारखान्याच्या गेटवर वेगळी घासाघीस करावी लागत नाही. संपाची हाक दिली की हंगाम अडतो आणि त्या भीतीपोटी कारखाने टेबलावर येतात.

पण खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पहिली म्हणजे ही पद्धत कामगार कायद्यातल्या लवादाच्या चौकटीत बसवलेली नाही. तो राजकीय वजनावर उभा असलेला समझोता आहे. कायद्याखाली झालेला निवाडा मोडला तर शिक्षेची तरतूद असते. इथे ठरलेला दर मजुराच्या हातात पूर्ण पडला नाही, मुकादमाने हिशेबात उचल फुगवली, तर तो मजूर हा निवाडा घेऊन कुठे जाणार? दुसरी गोष्ट हितसंबंधांची. साखर पट्ट्यात मजुरांचा नेता आणि कारखान्याचा कारभारी ही दोन वेगळी माणसं असतीलच असं नाही. परळीचा वैद्यनाथ साखर कारखाना आणि मुंडे कुटुंब यांचं नातं जगजाहीर आहे. याचा अर्थ निवाडे चुकीचे झाले असा काढणं अन्यायाचं ठरेल. पण एखाद्या कंपनीतल्या वादात लवाद स्वतः त्याच धंद्यातला कारखानदार असता, तर त्याच्या निवडीवर पहिल्याच दिवशी आक्षेप आला असता. २०२० मध्ये सुरेश धस यांनी याच चौकटीबाहेर जाऊन मोठ्या वाढीची मागणी लावून धरली होती, त्यामागे ही नाराजीही होती.

तिसरी गोष्ट थेट कोल्हापूरची आहे. उचल घेऊन टोळी आलीच नाही, अशा तक्रारी घेऊन इथले वाहतूकदार पोलीस ठाण्यात जातात आणि फसवणुकीचे गुन्हे नोंदवले जातात. उलट बाजूने मजुराला डांबून ठेवल्याच्या, हिशेब न दिल्याच्या तक्रारी असतात. दराचा लवाद पुण्यात, बड्या नेत्यांसमोर. रोजच्या व्यवहारातल्या वादासाठी मात्र पोलीस ठाणं. ज्या पातळीवर मध्यस्थाची सगळ्यात जास्त गरज आहे, तिथेच तो नाही.

साखर कारखान्यांच्या आतल्या कायम कामगारांचं चित्र थोडं वेगळं. त्यांच्यासाठी राज्य सरकार, कारखाने आणि कामगार संघटना यांची त्रिपक्षीय समिती असते. जुलै २०२५ मध्ये त्यांना १० टक्के वाढ ठरली, तीही पवारांच्या मध्यस्थीने. टक्का मजुरांपेक्षा बराच कमी, पण हजेरीपट, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी सगळं नोंदीत असल्यामुळे तो वसूल करता येतो. ३४ आणि १० या आकड्यांची नुसती तुलना केली तर हा फरक दिसत नाही.

इचलकरंजीत करार झाला, मग वाद का संपला नाही?

वस्त्रनगरी इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराची मजुरी पिकावर ठरते. पिक म्हणजे कापडाच्या ठरावीक लांबीत बसणारे आडवे धागे. जितके जास्त पिक तितका मीटरमागे जास्त दर. २०१३ च्या सुरुवातीला इथे महिनाभराहून जास्त काळ संप चालला आणि वाटाघाटींतून तो मिटला. त्या तोडग्याची कल्पना चांगली होती: दरवर्षी जानेवारीत महागाईच्या निर्देशांकानुसार मजुरी वाढावी आणि वाढीचा आकडा सहायक कामगार आयुक्त कार्यालयाने पिकाच्या हिशेबात जाहीर करावा. म्हणजे दरवर्षी नव्याने भांडण नको.

प्रत्यक्षात दर जानेवारीत भांडण होतंच. कामगार संघटना म्हणतात, आकडा जाहीर झाला, आता द्या. मालक संघटना म्हणतात, बाजारात मंदी आहे आणि तो करार आम्हाला कायमचा बांधत नाही. मधल्या मध्ये 'खर्चीवाला' अडकतो. हा यंत्रमागधारक स्वतःचं सूत घेत नाही, व्यापाऱ्याचं कापड मजुरीवर विणून देतो. व्यापाऱ्याने त्याचा दर वाढवला नाही तर तो कामगाराचा कुठून वाढवणार, हा त्याचा प्रश्न खोटा नाही. पण समेटाच्या टेबलावर व्यापारी बसलेलाच नसतो. ज्याच्या हातात पैसा आहे तो खोलीबाहेर आणि ज्यांच्या हातात नाही ते दोघे एकमेकांसमोर, अशी ही मध्यस्थी. २०१५ मध्ये किमान वेतनावरून सायझिंग कामगारांचा लांबलेला संप झाला, तेव्हाही गावाने हेच पाहिलं.

जॉबर, कांडीवाले, घडीवाले, दिवाणजी यांच्या मजुरीचा तर वेगळाच अध्याय. मीटरवर काम करणाऱ्याची वाढ निदान पैशांत मोजता येते, यांची अनेकदा मोजलीच जात नाही.

अपॉइंटमेंट लेटरमधलं लवादाचं कलम बंधनकारक आहे का?

कायद्याच्या व्याख्येत तुम्ही 'कामगार' असाल, तर पगार थकला किंवा नोकरीवरून काढलं या वादात ते कलम कंपनीची ढाल होऊ शकत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये किंगफिशर एअरलाइन्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं होतं. थकलेल्या पगारासाठी वैमानिक कामगार न्यायालयात गेले. कंपनीने करारातलं कलम पुढे केलं: आधी लवादाकडे जा. उच्च न्यायालयाने ते मानलं नाही. कामगार कायद्याने जे हक्क आणि जी खास न्यायालयं दिली आहेत, ती खासगी करारातल्या एका कलमाने काढून घेता येत नाहीत, हा त्याचा गाभा.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. हुंदाई ऑटोएव्हर इंडिया या कंपनीने नोकरीवरून काढलेल्या कर्मचाऱ्याविरुद्ध लवाद नेमून घेतला होता, तर कर्मचारी वेतन आणि औद्योगिक विवाद कायद्याखालच्या यंत्रणांकडे गेला होता. न्यायालयाने लवादाची नेमणूक रद्द केली आणि कंपनीला पाच लाख रुपयांचा खर्च भरायला लावला. वेतन आणि बडतर्फीचे असे वाद खासगी लवादात नेताच येत नाहीत, हे त्यातून पुन्हा ठळक झालं.

अडचण आहे ती व्यवस्थापक आणि वरच्या पदांची. नव्या संहितेत व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे 'कामगार' नाहीत. देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी महिना १८ हजार रुपयांची मर्यादा आहे, त्यापेक्षा पगार जास्त असेल तर तेही बाहेर. त्यांच्यासाठी करारातलं लवादाचं कलम खरंच लागू पडू शकतं. इथे पदाच्या नावाला अर्थ नसतो, प्रत्यक्ष काम पाहिलं जातं. कार्डावर 'मॅनेजर' छापलंय पण हाताखाली एकही माणूस नाही आणि दिवसभर तांत्रिक काम, असा माणूस कायद्याने कामगार ठरू शकतो. कंपन्या पदांची नावं एवढ्या उदारपणे का वाटतात, याचं एक उत्तर इथेही सापडतं.

लवाद लागू असला तरी कंपनीने एकतर्फी आपलाच माणूस बसवावा, हे न्यायालयांना अलीकडे मान्य नाही. वादाच्या निकालात ज्याचा स्वतःचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं. २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दोन्ही बाजूंच्या समान वागणुकीचं तत्त्व अधोरेखित केलं.

नव्या संहितेने काय बदललं?

जुन्या पद्धतीत युनियनचा वाद समेटात मिटला नाही तर अहवाल सरकारकडे जायचा आणि तो न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही हे सरकार ठरवायचं. कामगार त्या फाइलची वाट पाहत बसायचे. आता हा टप्पा गेला. समेट अधिकाऱ्याने ४५ दिवसांत काम संपवायचं, संपाची नोटीस असेल तर १४ दिवसांत. समेट झाला नाही तर अहवालानंतर ९० दिवसांच्या आत कोणतीही बाजू थेट न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. नवी न्यायाधिकरणं उभी राहीपर्यंत जुनी कामगार आणि औद्योगिक न्यायालयंच काम पाहत राहतील.

एकट्या कामगाराला कामावरून काढलं असेल तर युनियन पाठीशी असलीच पाहिजे असं नाही. पण मुदत कमी झाली आहे. पूर्वी तीन वर्षं होती, आता दोन. 'साहेब परत घेतो म्हणालेत' या तोंडी आश्वासनावर वर्ष-दीड वर्ष काढणाऱ्यांना हा बदल महागात पडेल.

लवादाची सोयही आहे, पण ती ऐच्छिक: वाद उभा राहिल्यावर दोन्ही बाजूंनी लेखी करार करून लवाद निवडायचा, करार सरकारला कळवायचा. ही तरतूद नवी नाही. औद्योगिक विवाद कायद्यात ती १९५६ पासून आहे आणि तेव्हापासून ती फारशी वापरली गेलेली नाही. दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला माणूस सापडणं, हेच मुळात कठीण.

खरी चिंता संपाची आहे. आता कोणत्याही उद्योगात १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप बेकायदा. समेट सुरू असताना आणि त्यानंतर सात दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप. नोटीस दिली की समेटाची प्रक्रिया सुरू होणार आणि ती सुरू झाली की संप थांबणार. समेटाला संधी मिळावी हा हेतू ठीक आहे. पण समोरच्याने टेबलावर यावं यासाठी कामगाराकडे जे एकमेव वजन आहे, तेच उचलून ठेवलं तर समेटात मालकाला घाई कशाची? मुंबईच्या गिरणी संपाची आठवण इथे उपयोगी आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंत यांच्यामागे गेले, पण कायद्याने वाटाघाटीचा हक्क दुसऱ्याच मान्यताप्राप्त युनियनकडे होता. कामगार ज्याच्यामागे होते त्याला टेबलावर जागा नव्हती आणि ज्याला जागा होती त्याच्यामागे कामगार नव्हते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

सर्किट बेंचमुळे काय फरक पडेल?

कामगार किंवा औद्योगिक न्यायालयाच्या निकालाला आव्हान द्यायचं तर कोल्हापूरच्या माणसाला मुंबई गाठावी लागे. वकील, प्रवास, बुडालेला खाडा. कंपनीला हे परवडतं, काढून टाकलेल्या फाउंड्री कामगाराला नाही. 'मिटवून टाक, नाहीतर मुंबईला ये' हे वाक्य समेटाच्या टेबलावर न बोलताही ऐकू यायचं. आता कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम भाऊसिंगजी रोडवर चालतं. कोर्ट जवळ आल्यामुळे कोर्टाबाहेरची तडजोडही कामगारासाठी थोडी बरी होऊ शकते, कारण नाही म्हणण्याची किंमत उतरली.

तडजोडीवर सही करण्याआधी पाहायच्या गोष्टी फार नाहीत, पण चुकतात त्याच. समेट अधिकाऱ्यासमोर नोंदवलेला करार आणि एचआरच्या केबिनमध्ये केलेला करार यांचं वजन सारखं नसतं. 'सर्व हक्कांपोटी पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' या एका ओळीत ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, थकलेला ओव्हरटाइम सगळं गडप होऊ शकतं, त्यामुळे प्रत्येक रक्कम वेगळी लिहून घ्यावी. राजीनामा आधी आणि चेक नंतर, हा क्रम मान्य करू नये. लोकअदालतीत वाद मिटवला तर त्या निवाड्यावर अपील नसतं, हे तिथे बसण्याआधी माहीत हवं. लैंगिक छळाच्या तक्रारीत समेट हवा असेल तर तो फक्त तक्रारदार महिलेच्या विनंतीवरूनच होऊ शकतो आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. व्यवस्थापनाने 'आपसात मिटवा' म्हणणं कायद्यात बसत नाही.

ऊसतोडीच्या फडात मात्र यातलं बरंचसं पोहोचत नाही. जानेवारी २०२४ चा करार २०२३-२४ पासूनच्या तीन हंगामांसाठी होता. २०२६-२७ चा गाळप हंगाम सुरू होण्याआधी नवा दर ठरवावा लागेल, म्हणजे लवाद पुन्हा बसेल. या वेळी टक्क्यांच्या जोडीला लेखी हिशेब, उचलीची नोंद आणि हंगामातल्या तक्रारींसाठी जिल्ह्यातच बसणारा मध्यस्थ या मागण्या टेबलावर येतात का, आणि त्या मांडायला फडात कोयता चालवणारं कुणी त्या खोलीत असतं का, हे तेव्हा दिसेल.